वाचकांचे प्रश्न : मदत कोणाच्या सोयीने?

अमेरिकेने २०२५ च्या जुलैमध्ये यूएसएड ही आपली आंतरराष्ट्रीय विकास संस्था अधिकृतरीत्या बंद करून तिचे उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे सोपवले. ब्रिटनने त्याच वर्षी आपली मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे जाहीर केले. त्यानंतर श्रीमंत देशांनी गरीब देशांना विकासासाठी मदत कशी द्यावी, या विषयावर या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम मदत म्हणून द्यावी, असे वारंवार वाचनात येते. हा आकडा आला कुठून आणि तो पाळतो कोण? (अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी)

कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पीअरसन यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक बँकेने नेमलेल्या आयोगाने १९६९ मध्ये ही शिफारस केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ ऑक्टोबर १९७० रोजी ठराव करून ते उद्दिष्ट स्वीकारले. त्या काळातील अर्थशास्त्रज्ञांचा हिशेब असा होता की, गरीब देशाला ठरावीक गतीने वाढायचे असेल तर ठरावीक भांडवल लागणार, देशातील बचत त्याला पुरी पडणार नाही आणि राहिलेली तूट बाहेरच्यांनी भरून काढावी लागेल. आजच्या गरजांशी त्या गणिताचा फारसा संबंध उरलेला नाही, पण आकडा टिकून राहिला आहे. स्वीडन, नेदरलँड्स, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी ही पातळी १९७० च्या दशकातच गाठली, लक्झेंबर्गने २००० मध्ये. ब्रिटन २०१३ मध्ये तेथे पोहोचला, २०१५ मध्ये त्याने त्यासाठी कायदाही केला आणि २०२१ मध्ये ०.५ टक्क्यांवर उतरला. अमेरिकेने ०.७ चे बंधन कधीच मान्य केले नाही, मात्र एकूण रकमेच्या बाबतीत तीच अनेक दशके सर्वांत मोठी दात्री होती. २०२३ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेतील विकास साहाय्य समितीच्या, म्हणजे दात्या देशांच्या समितीच्या सदस्यांनी मिळून सुमारे २२३ अब्ज डॉलर दिले, म्हणजे त्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या ०.३७ टक्के. २०२४ मध्ये ही रक्कम घटली आणि ०.७ ची पातळी ओलांडणारे चारच देश उरले.

आकड्याचा उपयोग आहे. सरकारांना जाब विचारायला एक ठाम संख्या हाताशी असावी लागते. परंतु मदतीच्या व्याख्येत काय काय बसते, ते आपण अवश्य पाहावे. आश्रयाला आलेल्या निर्वासितांवर पहिल्या वर्षभरात स्वतःच्याच देशात केलेला खर्च नियमानुसार मदतीत धरता येतो. युक्रेनच्या युद्धामुळे २०२२ मध्ये या खर्चाचा वाटा एकूण मदतीच्या सुमारे १४ टक्क्यांवर गेला. परदेशी विद्यार्थ्यांवर दात्या देशाच्या विद्यापीठांत होणारा खर्चही बऱ्याच देशांच्या हिशेबात असतो. निर्वासितांना आसरा देणे हे चांगलेच काम आहे, पण त्या पैशाने गरीब देशात एकही दवाखाना उभा राहत नाही. म्हणून एखाद्या देशाची टक्केवारी वाचताना, जाहीर रकमेपैकी त्या देशाच्या सीमेबाहेर किती गेली, हा दुसरा आकडाही मागावा.

प्रश्न : मदतीचा पैसा करदात्यांचा असतो. त्यातून दात्या देशातील कंपन्यांना काम मिळाले, तर त्यात गैर काय? (निवृत्त अभियंते)

आपला प्रश्न प्रामाणिक आहे आणि संसदेत मदतीचा बचाव करणारे मंत्रीही बहुतेकदा हेच सांगत आले आहेत. माझे म्हणणे एवढेच की, स्वतःच्या निर्यातदारांना अनुदान द्यायचे असेल तर ते त्याच नावाने, त्याच खात्यातून द्यावे. अमुक देशाचीच यंत्रे घ्या, अमुक देशाचेच सल्लागार नेमा, अशा अटीने बांधलेल्या मदतीमुळे वस्तू आणि सेवा १५ ते ३० टक्के महाग पडतात, असा ओईसीडीचा अंदाज आहे. शंभर डॉलरची मदत जाहीर होते, तेव्हा त्यातील एवढा हिस्सा घेणाऱ्या देशाच्या नावावर लिहिलेला असला तरी दात्याच्या घरीच राहतो. अन्नाच्या मदतीत हे अधिक ठळकपणे दिसते. अमेरिकी कायद्यानुसार सरकारी अन्नसाहाय्याचा किमान निम्मा भाग अमेरिकी ध्वजाच्या जहाजांतून जावा लागतो आणि धान्यही बहुतांशी अमेरिकेतच खरेदी होत आले आहे. वाहतुकीचा खर्च वाढतो तो वाढतोच, शिवाय महिन्यांच्या विलंबाने पोहोचलेले धान्य नेमके स्थानिक सुगीच्या वेळी उतरले, तर तेथील शेतकऱ्याचा भाव पडतो.

याचे टोकाचे उदाहरण मलेशियातील पेर्गाऊ धरणाचे आहे. ब्रिटनने त्यासाठी २३ कोटी ४० लाख पौंडांची मदत दिली. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे मदत खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी लेखी कळवले होते, तरीही तो मंजूर झाला. मलेशियाशी झालेल्या मोठ्या शस्त्रविक्रीच्या कराराशी त्याचा संबंध असल्याचे पुढे उघड झाले. १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली, कारण कायद्याने मदत विकासासाठी द्यायची होती आणि या धरणात विकासाचा सबळ हेतू न्यायालयाला दिसला नाही. त्या धक्क्यातून ब्रिटनने धोरण बदलले आणि २००१ पासून आपली मदत अशा अटींतून पूर्ण मोकळी केली. अत्यंत गरीब देशांना दिली जाणारी मदत मोकळी करावी, अशी शिफारस विकास साहाय्य समितीनेही त्याच वर्षी केली.

कागदावर अट काढली तरी कंत्राटे पुष्कळदा जुन्याच हातांत जातात, हेही येथे नमूद करायला हवे. निविदा इतकी अवजड असते, इतक्या मोठ्या रकमेची असते आणि दात्याच्या भाषेत, दात्याच्या पद्धतीने भरावी लागते की, स्थानिक कंपनी दारातच अडते. कामाचे लहान तुकडे करणे आणि निविदा त्या देशात, तेथील भाषेत प्रसिद्ध करणे एवढे केले तरी बराच फरक पडू शकतो.

प्रश्न : गरीब देशांतील सरकारे भ्रष्ट असतात. मग मदत सरकारांना न देता थेट स्वयंसेवी संस्थांना का देऊ नये? (या आशयाची पत्रे सर्वांत अधिक आली.)

भ्रष्टाचार आहे, आणि तो किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही. मात्र त्यासाठी नेहमी दिले जाणारे, हुकूमशहा मोबुतूच्या झाईरेचे (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) उदाहरण देताना एक गोष्ट नजरेआड होते. मोबुतू पैसा खातो, हे शीतयुद्धाच्या काळात त्याला पैसा देणाऱ्या राजधान्यांना चांगले ठाऊक होते. त्यांना त्याची निष्ठा विकत हवी होती आणि ती त्यांना मिळाली. त्या व्यवहाराचे अपयश विकास साहाय्याच्या खात्यावर टाकणे हे हिशेबाला धरून नाही.

आता मुख्य मुद्दा. सरकारला वळसा घालून दिलेल्या मदतीलाही किंमत असते, फक्त ती दात्याच्या ताळेबंदात दिसत नाही. प्रत्येक दाता आपले स्वतंत्र कार्यालय उघडतो, स्वतंत्र हिशेब मागतो, स्वतंत्र पाहणी पथक पाठवतो. त्यासाठी लागणारा लेखापाल, परिचारिका, अभियंता सरकारी नोकरीतून अधिक पगारावर उचलला जातो. प्रकल्पाची मुदत संपते, कार्यालय बंद होते आणि सरकारी खाते पूर्वीपेक्षाही दुबळे झालेले असते. टांझानियात १९९० च्या दशकात सरकार आणि दाते यांचे संबंध इतके बिघडले की, कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ गेराल्ड हेलेनर यांच्या नेतृत्वाखाली तटस्थ गट नेमावा लागला. १९९५ च्या त्याच्या अहवालात सरकारवर जेवढी टीका होती, तेवढीच दात्यांवरही होती. पुढे टांझानियाने वर्षातील काही महिने दात्यांच्या पथकांनी येऊ नये, असा दंडक घातला, म्हणजे निदान तेवढे दिवस अधिकाऱ्यांना आपल्या देशाचा अर्थसंकल्प तयार करायला निवांतपणा मिळावा. सार्वभौम देशाला पाहुण्यांकडून अर्थसंकल्पासाठी सवड मागून घ्यावी लागते, यावरूनच व्यवस्था कोणाच्या सोयीची होती ते कळते.

बोत्स्वानाने हे सुरुवातीपासून वेगळ्या रीतीने केले. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश तेव्हा जगातील अत्यंत गरीब देशांपैकी होता आणि त्याचा रोजचा प्रशासकीय खर्चही मोठ्या प्रमाणावर ब्रिटिश अनुदानावर चाले. तरीही तेथील अर्थ आणि नियोजन मंत्रालयाने नियम केला की, बाहेरून येणारा प्रत्येक प्रकल्प राष्ट्रीय योजनेत बसला पाहिजे आणि तो पुढे चालवण्याचा खर्च सरकारला झेपला पाहिजे. जे बसत नव्हते ते नाकारले गेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रोजच्या खर्चासाठी लागणारे ब्रिटिश अनुदान घेण्याची गरज उरली नाही. हिऱ्यांच्या खाणींनी हात दिला, हे खरे आहे. पण हिरे सिएरा लिओनकडेही होते, आणि तो देश गरीबच राहिला.

युगांडाचा अनुभव याहून बोलका आहे. तेथील प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे सरकारी अनुदान मिळे. १९९१ ते १९९५ या काळाची पाहणी केली तेव्हा आढळले की, मंजूर रकमेपैकी सरासरी केवळ १३ टक्के शाळांपर्यंत पोहोचत होती. बाकीची जिल्हा पातळीवर अडकत किंवा गडप होत होती. सरकारने मग कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली, ते वृत्तपत्रांतून छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. २००१ पर्यंत शाळांना मिळणारे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. या यशाचे सगळे श्रेय वृत्तपत्रांना द्यावे की नाही, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत, कारण त्याच काळात अनुदानाची पद्धतही बदलत होती. तरीही ज्याचा पैसा आहे त्याला तो किती निघाला हे कळले की मधल्या मधे तो जिरवणे अवघड होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते. आणि हे सरकारला टाळून झाले नाही, सरकारी यंत्रणेतूनच झाले.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे दाते सहसा काणाडोळा करतात. आपण शाळा बांधून दिली म्हणून पैसा शिक्षणावरच गेला, असे समजता येत नाही. सरकारने त्या शाळेसाठी राखलेली स्वतःची रक्कम तशीच मोकळी होते आणि ती लष्करावर किंवा अध्यक्षांच्या विमानावरही जाऊ शकते. म्हणजे प्रकल्पाच्या फाइलवर बारीक नजर ठेवून काही हाती लागत नाही, संपूर्ण अर्थसंकल्पच पाहावा लागतो. तो त्या देशाच्या संसदेने आणि महालेखापरीक्षकाने पाहावा, हे उत्तम. म्हणून दात्याने मदतीचा एक भाग लेखापरीक्षण, सांख्यिकी आणि करवसुली या नीरस कामांवर खर्च करावा, असे माझे मत आहे. अशा कामाच्या उद्घाटनाला मंत्री जात नाहीत, आणि त्यात पैसा कमी पडण्याचे ते एक मोठे कारण असावे.

सरकारच आपल्या लोकांवर बंदुका रोखून असेल तेथे अर्थातच वळसा घालावा लागेल. तेव्हाही मदत स्थानिक संस्थांकडे गेली तर बरे. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या दात्यांनी आणि मदत संस्थांनी मानवतावादी मदतीचा किमान २५ टक्के हिस्सा २०२० पर्यंत शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांना देण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही.

प्रश्न : चांगल्या हेतूने उभारलेले प्रकल्प बंद का पडतात?

जो वापरणार आहे त्याला विचारलेले नसते आणि प्रकल्प फसला तरी ठरवणाऱ्याचे काही बिघडत नाही, ही दोन कारणे जवळपास प्रत्येक ठिकाणी सापडतात. केनियात तुर्काना सरोवराच्या काठी नॉर्वेने मासे गोठवण्याचा कारखाना उभारून दिला. तुर्काना लोक प्रामुख्याने पशुपालक. वाळवंटी उष्णतेत मासे गोठवायला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी यांचा खर्च माशांच्या किमतीला झेपणारा नव्हता आणि कारखाना सुरू झाल्यावर लगेच थांबला.

आफ्रिकेच्या दक्षिण भागात मुलांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्याला पंप जोडून पाणी उपसण्याची कल्पना निघाली आणि २००६ मध्ये तिला अमेरिकी सरकार आणि काही प्रतिष्ठानांकडून दीड कोटी डॉलरहून अधिक निधी जाहीर झाला. छायाचित्रात ती कल्पना सुरेख दिसे. हा पंप साध्या हातपंपाच्या कित्येक पट महाग होता, बिघडला तर गावात दुरुस्त होत नसे आणि मुले खेळत नसतील तेव्हा बायकांना तो जड पाळणा हाताने फिरवावा लागे. चार वर्षांत ही मोहीम गुंडाळली गेली. हातपंपाच्या बाजूने कोणी जाहिरात केली नसती, हे मान्य करायला हवे.

प्रश्न : मग गरिबांच्या हातात सरळ रोख रक्कमच का देऊ नये? ते पैसे दारूवर उडवतील, ही भीती खरी आहे का?

ही भीती अनेक देशांतील पाहण्यांत खरी ठरलेली नाही. रोख रक्कम मिळालेल्या कुटुंबांचा दारू-तंबाखूवरील खर्च सर्वसाधारणपणे वाढत नाही, असे जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये अशा अनेक पाहण्या एकत्र तपासून दाखवले. पश्चिम केनियातील सियाया भागात सुमारे साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी जवळजवळ एक हजार डॉलर एकदाच देण्यात आले. त्यावर झालेल्या मोठ्या अभ्यासात आढळले की, दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल वाढली, पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांनाही लाभ झाला आणि महागाई नगण्य राहिली.

रोख रकमेने सगळे साधते, असे मात्र मी म्हणणार नाही. लसींची शीतसाखळी, रस्ता, न्यायालय या गोष्टी एकेका कुटुंबाला विकत घेता येत नाहीत. काही वस्तू तर फुकटच द्याव्या लागतात. केनियातील एका प्रयोगात औषध लावलेल्या मच्छरदाणीला ६० अमेरिकी सेंट एवढीच किंमत लावली, तर ती घेणाऱ्या गर्भवती स्त्रियांचे प्रमाण टक्केवारीच्या ६० अंकांनी घसरले, आणि फुकट मिळालेल्यांनी ती कमी वापरली असेही दिसले नाही. माझ्या दृष्टीने रोख रकमेचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. जो प्रकल्प तेवढेच पैसे सरळ वाटून टाकण्यापेक्षा सरस ठरत नाही, त्याला पैसे देऊ नयेत. यूएसएडने रवांडात पोषण कार्यक्रमाबाबत अशी तुलना स्वतः करून पाहिली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. मोठ्या रकमेची रोख मदत कुटुंबांच्या आहारात आणि मिळकतीत नियोजित कार्यक्रमापेक्षा अधिक बदल घडवून गेली. आपल्याच कार्यक्रमाविरुद्ध जाणारा निष्कर्ष सरकारी संस्थेने प्रसिद्ध करावा, हे दुर्मिळ आहे, आणि ती संस्था आता नाही.

प्रश्न : मदतीला अटी असाव्यात का? (प्राध्यापक)

पैसा कुठे गेला याचा जाहीर हिशेब द्यावा, ही अट असावी. धोरणे विकत घेण्यासाठी लावलेल्या अटींचा अनुभव मात्र वाईट आहे. केनियाच्या सरकारने १९८० आणि १९९० च्या दशकांत एकच कृषी सुधारणा जागतिक बँकेला पुन्हा पुन्हा आश्वासन म्हणून दिली आणि दर वेळी पैसे घेतले, हे या क्षेत्रातील सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. दात्यालाही त्या वर्षीची रक्कम खर्ची टाकायची असते, त्यामुळे आश्वासन मोडले तरी पुढचा हप्ता सहसा सुटतोच.

याउलट, अट पाळली गेली आणि तीच चुकीची होती, असेही घडते. हैतीने कर्जदात्यांच्या दबावाखाली १९९० च्या दशकात तांदळावरील आयात कर सुमारे तीन टक्क्यांवर आणला आणि अनुदानित अमेरिकी तांदळाने तेथील शेती मोडली. त्या काळी अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये सिनेटच्या समितीसमोर ही आपली चूक होती, असे मान्य केले. कर्जाच्या बदल्यात खर्चकपात आणि खुल्या बाजाराच्या अटी घालणाऱ्या समायोजन कार्यक्रमांच्या काळात अनेक देशांत शाळा-दवाखान्यांत शुल्क घेण्याचा आग्रह धरला गेला. मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांचे शुल्क काढले, तेव्हा वर्गात बसायला जागा उरली नाही; एकट्या केनियात दहा लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली. चुकीच्या अटीची किंमत ती लावणाऱ्याला मोजावी लागत नाही. म्हणून अट कोणतीही असो, ती घेणाऱ्या देशाच्या संसदेसमोर मांडली जावी आणि तेथे तिच्यावर वाद व्हावा. बंद खोलीत सही झालेली अट त्या देशातील कोणालाच आपली वाटत नाही.

प्रश्न : मदत कायमची चालू ठेवावी का? आणि थांबवायची तर कशी? (परिचारिका)

आपण आरोग्यसेवेत आहात, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केलेल्या एड्सविरोधी कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवले, असा अमेरिकी सरकारचा स्वतःचा अंदाज आहे. एचआयव्हीची औषधे जन्मभर घ्यावी लागतात. रुग्णाला पहिली गोळी देणारा दाता एक दीर्घ जबाबदारी पत्करत असतो. २०२५ च्या जानेवारीत सगळी परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवण्याचा आदेश निघाला, तेव्हा अनेक दवाखाने एका आठवड्यात बंद झाले. पुढे काही जीवरक्षक सेवांना सूट मिळाली, पण तोपर्यंत कर्मचारी घरी गेले होते. मदत कमी करण्याचा अधिकार मतदारांना आणि त्यांच्या सरकारला आहेच. आक्षेप आहे तो रीतीला.

रीतसर बाहेर पडण्याचा नमुना उपलब्ध आहे. २००० मध्ये स्थापन झालेली गावी ही लस संघटना गरीब देशांना लसी पुरवते, परंतु अगदी गरीब देशालाही किमतीचा छोटा वाटा उचलायला लावते. देशाचे दरडोई उत्पन्न वाढत गेले की हा वाटा ठरलेल्या वेळापत्रकाने वाढतो आणि अखेर मदत संपते. कोणत्या वर्षी किती भार येणार, हे अर्थमंत्र्याला आधीच माहीत असते. इंडोनेशिया या मार्गाने बाहेर पडला आणि पुढे स्वतः गावीचा दाता झाला. दक्षिण कोरिया तर युद्धानंतर मदतीवर तगलेला देश होता, तो २०१० मध्ये दात्यांच्या समितीचा सदस्य झाला.

घेणाऱ्या देशांनाही यात दोष जातो. आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००१ मध्ये अबुजा येथे अर्थसंकल्पाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले होते. मोजक्याच देशांनी ते पाळले, आणि बाहेरचा पैसा येत होता म्हणून बाकीच्यांना घरच्या मतदाराने फारसे विचारलेही नाही.

प्रश्न : मदतीपेक्षा कर्जमाफी, व्यापार किंवा स्थलांतरितांनी पाठवलेला पैसा अधिक महत्त्वाचा नाही का?

रकमेच्या दृष्टीने आपण बरोबर आहात. स्थलांतरितांनी अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०२३ मध्ये ६५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम पाठवली, म्हणजे सगळ्या दात्यांच्या मदतीच्या जवळजवळ तिप्पट. ती पाठवताना सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास शुल्क कापले जाते. ते तीन टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी २०३० साठी ठेवले आहे. उलट्या दिशेने, विकसनशील देशांनी २०२३ मध्ये परकीय कर्जाची मुद्दल आणि व्याज मिळून सुमारे १.४ लाख कोटी डॉलर फेडले. आफ्रिकेतून बेकायदा मार्गांनी वर्षाला ५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाहेर जाते, असे दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१५ मध्ये सांगितले होते. त्यातील मोठा भाग कंपन्यांच्या कर चुकवण्याचा आहे. झांबियाने २०२० मध्ये कर्ज थकवले आणि सरकारी धनकोंशी तडजोडीची रूपरेषा ठरायला २०२३ चा जून उजाडला. या विलंबाची झळ मदतीच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही.

तरीही एकाच्या बदल्यात दुसरे, असा हा व्यवहार नाही. मलेरियाने आजारी मुलाला व्यापार कराराची वाट पाहता येत नाही. श्रीमंत देशांनी आपल्या बँका आणि करकायदे सुधारावेत आणि मदतही द्यावी. मात्र एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने त्याहून अधिक काढून घेणाऱ्या देशाची ०.७ टक्केवारी ऐकून भारावून जाऊ नये.

प्रश्न : दुष्काळाचा इशारा आधी मिळत असूनही पैसा उशिरा का येतो?

कारण दात्यांचा पैसा चित्रे पाहून सुटतो. सोमालियात पाऊस फसल्याचे इशारे २०१० च्या उत्तरार्धापासून येत होते. संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळाची औपचारिक घोषणा २०११ च्या जुलैमध्ये केली, तेव्हा निधीचा ओघ वाढला. त्या दुष्काळात सुमारे २ लाख ६० हजार माणसे मेली, त्यांत निम्मी पाच वर्षांखालील मुले होती, आणि पुष्कळसे मृत्यू घोषणेच्या आधीच झाले होते. याला उपाय म्हणून पाऊस किंवा नदीची पातळी अमुक मर्यादेपलीकडे गेली की कोणाच्याही मंजुरीविना रक्कम सुटेल, असा करार आधीच करून ठेवायचा. आफ्रिकी संघाची २०१२ मध्ये स्थापन झालेली आफ्रिकन रिस्क कपॅसिटी ही संस्था दुष्काळासाठी याच तत्त्वावर सदस्य देशांना विमा देते. २०२० च्या जुलैमध्ये बांगलादेशात पुराचा अंदाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून ५२ लाख डॉलर पूर शिगेला पोहोचण्यापूर्वीच सुटले आणि कुटुंबांच्या हाती आगाऊ रोख रक्कम पडली. अशा करारांत मर्यादा कोणी ठरवायची, हा वाद अजून मिटलेला नाही. विमा कंपनीला ती जितकी उंच हवी असते, तितकी नदीकाठच्या माणसाला परवडत नाही. आज ही मर्यादा ठरवणाऱ्या बैठकीत नदीकाठचा माणूस बहुधा नसतो.